किलवरची छक्की

हाओ शिफूंनी रोटीचे तुकडे बीफच्या रश्श्यात दाबले आणि वर न बघताच म्हणाले, "शाओ फान, आज डमी झालीस की हात मांडीखाली घालून बस."

फान यूलान अठ्ठावन्न वर्षांची. नातू दुसरीत. पण शिफूंच्या लेखी ती अजून 'शाओ', म्हणजे धाकटी. चाळीस वर्षांपूर्वी ल्वोयांगच्या बेअरिंग कारखान्यात ती लेथवर शिकाऊ म्हणून लागली, तेव्हा पहिल्या दिवशी तिच्या शेजारी येऊन उभा राहिलेला माणूस हा. शिफू म्हणजे हाताला धरून काम शिकवणारा. यांनी तिला लेथ शिकवला, आणि जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या खोक्यावर पत्ते मांडून ब्रिज शिकवला. लेथ केव्हाच सुटला. ब्रिज राहिला.

"का?" ती म्हणाली. "थंडी तर नाहीये."

"का ते तुला माहितेय."

माहीत होतं. तिने वाडग्यात तोंड घातलं आणि गरम रस्सा घशाखाली ढकलला. जीभ भाजली ते वेगळंच.

झालं होतं असं. ब्रिजमध्ये दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या. बोली जिंकणारा खेळतो आणि त्याचा जोडीदार आपले तेरा पत्ते टेबलावर उघडे मांडतो. तो डमी. डमीने बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. खेळणारा नाव घेईल ते पान पुढे सरकवायचं, एवढंच काम. हिवाळ्यापासून यूलान त्याहून थोडं जास्त काम करत होती. शिफू अडकले की तिचं बोट एखाद्या पत्त्याकडे जायचं आणि तो नीट करायचं. पत्ता आधीच नीट असायचा. पण शिफूंची नजर तिकडे वळायची आणि सुटायचं कोडं. कधी कधी ती बोलीच स्वतःकडे ओढून घ्यायची, म्हणजे खेळ तिच्या हातात यायचा आणि शिफू आरामात डमी.

तिने हे स्वतःलासुद्धा कधी नीट सांगितलं नव्हतं. पत्ते सरळ करायची सवय आहे आपल्याला, एवढंच.

शिफू एकोणऐंशीचे. गेल्या वसंत सणाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, त्यांनी तिच्या नवऱ्याला पैशांचं लाल पाकीट दोनदा दिलं होतं आणि सगळे हसले होते. मग टेबलावरही व्हायला लागलं. कुठला पत्ता पडून गेला, कुठला राहिला, हे गळायला लागलं. आणि ब्रिज टीमचा कप्तान लाओ दू, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. तो पूर्वी कारखान्यात माल तपासायचा.

लाओ दूने आठवड्यापूर्वी यूलानला जिन्यात गाठलं होतं. खूप वेळ तो जिन्याच्या कठड्याचा रंग खरवडत राहिला. मग म्हणाला की फानताई, अकरा मेला शहराची स्पर्धा आहे, आपल्याकडे शाळेतला छ्याओ मास्तर आहे, चाळिशीचा आहे, पत्ते पाठ असतात त्याला. रविवारी वीजमंडळाच्या टीमशी मॅच आहे. ती हरलो तर तुझ्या समोर जोडीदार म्हणून छ्याओ बसेल. जिंकलो तर बघू. शिफूंना मीच सांगणार होतो, पण जीभ रेटत नाही.

यूलानने शिफूंना सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, कारण छ्याओ मास्तर गेले दोन रविवार त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून खेळ बघत होता, आणि शिफू विसरत असले तरी आंधळे नव्हते.

"आज हरलो तर मी उठतो," शिफू वाडगा तोंडाला लावता लावता म्हणाले. "पण माझा मी हरेन. तुझ्या बोटामुळे जिंकून बसलो तर ती खुर्ची माझी नाही, तुझ्या बोटाची."

तिने दोघांच्या रश्श्याचे पैसे फोनवरून भरले आणि शिफूंनी त्यावरून शिव्या घातल्या.

*

निवृत्तांच्या केंद्रात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या ब्रिजच्या. खाली नाचाचा वर्ग, त्यामुळे जमीन थोडी थरथरते. कारखानावाल्या प्रत्येकाच्या पायाशी स्टीलचा चहाचा थर्मास, सगळे एकसारखे. कारखान्याला साठ वर्षं झाली तेव्हा सगळ्यांना वाटलेले. ओळखायला कुणी खाली ओरखडा मारलाय, कुणी दोरा बांधलाय.

टीमची मॅच म्हणजे तेच पत्ते दोन्ही खोल्यांत खेळले जातात. इथे शिफू आणि यूलान, पलीकडे लाओ दू आणि त्याचा जोडीदार विरुद्ध बाजूचे पत्ते घेऊन. म्हणजे नशिबाचा भाग गेला. ज्याने त्याच पत्त्यांत जास्त केलं तो पुढे.

शिफूंच्या डाव्या हाताला वीजमंडळाचा वेन बसला होता. तिशीचा, चष्मा, नखं स्वच्छ. त्याची जोडीदार एक शांत बाई, सगळ्या वेळ सूर्यफुलाच्या बिया सोलत होती, पण खात नव्हती. सोललेल्या बियांचा छोटा ढीग करत होती. वेन तिला म्हणाला की मावशी, आधीच ठरवा मला देणार की नाही. ती म्हणाली, खेळ आधी, मग बघते.

पहिल्या अर्ध्यात वाट लागली.

पाचव्या डावात शिफूंना वाटलं विरुद्ध बाजूचे सगळे हुकूम संपले. एक शिल्लक होता. यूलानला दिसत होतं. तिचा उजवा हात मांडीखाली होता, तो बाहेर यायला धडपडला आणि तिने त्याच्यावर अजून वजन टाकलं. शिफूंनी पान टाकलं, वेनने शांतपणे त्या उरलेल्या हुकमाने कापलं, आणि सोपा डाव बुडाला. त्याने चांगुलपणा म्हणून नजर उचलली नाही आणि ते जास्त लागलं. शिफूंनी स्वतःच्या कपाळावर दोन बोटं आपटली, गुण लिहिले आणि पुढच्या डावाच्या पत्त्यांची पेटी ओढली.

मधल्या सुट्टीत लाओ दू गुण जुळवून आला. दहाने मागे. त्याने आकडा सांगितला आणि शिफूंच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात यूलानला अजिबात आवडला नाही. दवाखान्यात ठेवतात तसा हात.

छ्याओ मास्तर खिडकीपाशी उभा होता. त्याने मान खाली घातली. खरं तर भला माणूस होता तो, त्याचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता.

*

शेवटून दुसऱ्या डावात ते आलं.

यूलानने पत्ते उचलले. पत्ते फार चांगले होते. चांगल्या पत्त्यांची भीती वाटावी असे दिवस आले होते. शिफूंनी इस्पिकने सुरुवात केली, दोघं चढत गेले, आणि बोली सहा इस्पिकवर आली. सहा म्हणजे तेरापैकी बारा हात करायचे. एकच हात द्यायची मुभा.

तिची पाळी होती. सहा बिनहुकमी म्हटलं असतं तर खेळ तिच्याकडे येत होता. बोलीच्या डब्यातलं ते कार्ड तिच्या बोटांना लागलंसुद्धा. तिने ते सोडलं आणि हिरवं पासचं कार्ड ठेवलं.

वेनने किलवरची राणी उतरली. यूलानने पत्ते मांडले. शिफूंच्या डावीकडून सुरुवात, हुकूम पहिले: इस्पिक, मग बदाम, मग किलवर, मग चौकट. चार रांगा. मग हात मांडीखाली, दोन्ही.

आता डमी म्हणून तिला काम नव्हतं, आणि काम नसलं की डोकं जोरात चालतं. हुकूम भरपूर, दोन्ही बाजूंना. किलवरचे एक्का-राजा आपले. चौकटचे एक्का-राजा आपले, पण तिसरी चौकट जाणार, तो झाला एक हात. राहिला बदाम. एक्का आणि गुलाम शिफूंकडे, राजा आणि दश्शी इथे टेबलावर. राणी समोरच्यांपैकी एकाकडे. कोणाकडे, ते ओळखलं तर डाव झाला. चुकलं तर बुडाला. नाणं उडवण्यासारखं.

पण एक दुसरा रस्ता होता. शिफूंनीच तिला शिकवला होता, त्या पत्र्याच्या खोक्यावर, वाफाळलेल्या पावात तिखट घालून खाता खाता. राणी शोधायचीच नाही. आधी हुकूम काढून टाकायचे. मग किलवर दोन्ही हातांतून पूर्ण संपवायची. मग चौकटचे दोन मोठे. आणि मग ती हरणारी तिसरी चौकट आपणहून द्यायची. घे बाबा, तुझी पाळी. आता ज्याला हात मिळाला तो काय टाकणार? बदाम टाकला तर आपल्याच सापळ्यात, राणी कुठेही असो. किलवर किंवा चौकट टाकली तर आपण एका बाजूने हुकमाने कापणार आणि दुसऱ्या बाजूचा नको असलेला बदाम फेकून देणार. तिसरी वाट नाही.

अट एकच. किलवर खरंच संपलेली हवी. तिच्या रांगेत किलवरचे तीन पत्ते होते: राजा, छक्की, तिर्री. शिफूंकडे दोनच. म्हणजे ती छक्की शिफूंनी आठवणीने मागवून स्वतःच्या हुकमाने कापायला हवी. ती छक्की टेबलावर राहिली तर समोरचा किलवर टाकून आरामात सुटणार, छक्की मग कापली तरी त्याचा उपयोग नाही, आणि राणी आपल्यालाच शोधत बसावी लागणार.

एक फालतू छक्की. तिच्यावर शिफूंची खुर्ची.

शिफूंनी पहिला हात किलवरच्या एक्क्याने घेतला, तिर्री गेली. मग हुकूम. एक, दोन, तीन फेऱ्या. समोरच्यांकडे एकूण चारच होते, एकाकडे तीन, एकाकडे एक. संपले. यावेळी त्यांनी मोजलेलं तिने ओठांवरून ओळखलं. मग म्हणाले, "किलवर राजा." यूलानने एक हात काढला, राजा सरकवला, हात परत मांडीखाली. बरोबर. आता छक्की. सांगा छक्की.

"छोटी चौकट," शिफू म्हणाले.

तिने चौकट सरकवली. शिफूंनी हातातल्या राजाने ती घेतली आणि परत चौकट खेळले, टेबलावरचा एक्का मागितला. एक्का गेला. आता पाळी टेबलावरूनच होती, आणि टेबलावर राहिले होते सहा पत्ते. एक इस्पिक. बदाम राजा, दश्शी, पंजी. किलवर छक्की. चौकट सत्ती.

आत्ता, या क्षणाला, शिफू म्हणाले असते "चौकट" तर संपलं.

शिफूंचं तोंड उघडलं. "चौ" असं काहीतरी झालं तिथे. की नुसता श्वास होता. वेनने मान वर केली. बियावाल्या बाईचा हात थांबला. खाली नाचाचं गाणं संपून दुसरं लागलं आणि जमीन नव्या तालात थरथरायला लागली.

यूलानचा उजवा हात मांडीखाली बधिर झाला होता. एक बोट. त्या छक्कीचा कोपरा किंचित. कुणाला कळलंही नसतं. शिफूंना कळलं असतं. तिने खिडकीबाहेर बघितलं, मग वाटलं, खिडकीबाहेर बघणं हीसुद्धा खूणच झाली की काय, म्हणून परत समोर, शिफूंच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे.

आणि शिफूंनी हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवले. दोन्ही हात पाठीमागे नेले.

तिला वाटलं, उठतायत, मग ओळखलं.

पंच्याऐंशी साल. शिकाऊपणाचा तिसरा आठवडा. लेथच्या चकमध्ये, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यात, तो आवळायची चावी तशीच राहिली आणि तिने मशीन सुरू केलं. चावी सुटली ती सरळ खिडकीतून बाहेर, काच फोडून. तिच्या कानापासून वीतभर अंतरावरून. सगळं खातं ओरडत धावून आलं. शिफू ओरडले नाहीत. त्यांनी मशीन बंद केलं आणि म्हणाले की यापुढे सुरू करण्याआधी हात पाठीमागे. हात पाठीमागे असले की डोळ्यांना काम करावं लागतं. डावीकडून उजवीकडे बघायचं आणि स्वतःला विचारायचं, काय राहिलं?

शिफूंचे डोळे डावीकडे इस्पिकवर आले. थांबले. सरकले. बदामावर खूप वेळ. सरकले.

"काय राहिलं," ते पुटपुटले, कुणालाच नाही.

मग म्हणाले, "किलवर छक्की."

यूलानने छक्की सरकवली. शिफूंनी तिला हुकमाने कापलं, छक्कीला, एखादी मोठी राणी कापावी तसं नीट बघून. आणि मग हातातून शेवटची चौकट काढून वेनसमोर टाकली.

वेनने गुलामाने हात घेतला. पुढचं पान काढायला गेला आणि थांबला. त्याने स्वतःच्या चार पत्त्यांकडे बघितलं. टेबलाकडे बघितलं. परत पत्त्यांकडे. हळूहळू त्याचे कान लाल झाले, मग त्याला हसू आलं. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"मावशी," तो जोडीदाराला म्हणाला, "मला कुठेच जाता येत नाहीये."

"मग बस तिथेच," बाई म्हणाली.

त्याने बदाम टाकला. टेबलावरची पंजी, मग शिफूंचा गुलाम, आणि झालं. बारा हात. बाईने सोललेल्या बियांचा ढीग उचलून वेनच्या हातात दिला.

*

पलीकडच्या खोलीत वीजमंडळवाल्यांनीही सहा इस्पिक बोलले होते. त्यांच्या खेळाडूने राणी शोधायचा प्रयत्न केला, उलट बाजूला शोधली, आणि बुडाला. त्या एका डावाचे चौदा गुण आले. दुसऱ्या अर्ध्यातले बाकीचे डाव सपाट गेले, दोन्ही खोल्यांत सारखेच. मॅच चार गुणांनी जिंकली.

लाओ दू आकडे दोनदा तपासून आला आणि एवढंच म्हणाला की ठीक आहे, बघू. मग खुर्च्या एकावर एक रचायला लागला. यूलानला तो माणूस त्या क्षणी खुर्चीसकट उचलून खाली टाकावासा वाटला.

जिन्यात तिने शिफूंना विचारलं की राणी वेनकडे आहे हे तुम्हाला कळलं होतं का.

"कुठली राणी?"

"बदामाची. मी हिशेब करत होते. वेनकडे किलवरचे बरेच पत्ते दिसत होते, म्हणजे बदाम कमी असणार, म्हणजे राणी त्या बाईकडे असणार. मी खेळले असते तर तिकडेच धरली असती."

"आणि बुडाली असतीस."

"हो. बुडाले असते."

शिफू एका पायरीवर थांबले. दम लागला होता, पण मजेत होते. "हे बघ शाओ फान. राण्या लक्षात ठेवायचं मी नव्या वर्षापासून सोडून दिलंय. राहतच नाहीत. आता मी असे डाव शोधतो जिथे राणी कुठेही असली तरी चालतं. दर वेळी सापडत नाहीत. पाचव्या डावात सापडला नाही, बघितलंस ना कसा तोंडावर पडलो."

"बघितलं."

"हात कुठे होते तुझे?"

"मांडीखाली. मुंग्या आल्यात अजून."

"येऊ देत." ते दोन पायऱ्या उतरले. "छक्की विसरलोच होतो मी. राजा झाल्यावर लगेच घ्यायची होती. विसरलो. मग वाटलं, काहीतरी राहिलंय, चावी राहिलीये कुठेतरी. काय ते नव्हतं आठवत. म्हणून बघितलं."

तिला बरंच बोलायचं होतं. सवय मोडायला हवी, माफ करा, वगैरे. ती म्हणाली, "मी गेले चार महिने तुमचं खेळत होते."

"माहितेय. पहिले दोन महिने बरं वाटलं मला. लाज वाटायला नंतर लागली." ते हसले. "म्हणजे मीही काही कमी नाही."

फाटकापाशी आले तेव्हा यूलानच्या लक्षात आलं की शिफूंच्या हातात थर्मास नाही. वरच राहिला, टेबलाच्या पायाशी. तिचं तोंड उघडलं. तिने ते मिटलं आणि दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले.

शिफू पाच-सहा पावलं पुढे गेले. थांबले. हात पाठीमागे घेतले. डावीकडे बघितलं, चिनाराच्या रांगेकडे, मग उजवीकडे सायकलींकडे. मग मागे वळले आणि केंद्राच्या दारातून आत गेले. ती वाट बघत उभी राहिली. तिला घाई नव्हती. एक बाई कोबी घेऊन गेली, तिने विचारलं काय गं, कुणाची वाट बघतेस. शिफूंची, ती म्हणाली.

शिफू आले. हातात थर्मास, चेहऱ्यावर विजय. यूलानने थर्मासाकडे बघितलं. झाकणाला लाल दोरा होता. शिफूंच्या थर्मासाला दोरा नव्हता, खाली ओरखडा होता.

ती काही म्हणणार इतक्यात दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि लाओ दूचं डोकं बाहेर आलं.

"हाओ शिफू, तो माझा आहे."

शिफूंनी थर्मास उलटा करून बघितला. दोऱ्याकडे बघितलं. "मग माझा कुठाय?"

"माझ्याकडे आहे. राहू दे आता, परत जिने नका चढू. अकरा तारखेला स्पर्धेला घेऊन या, तिथेच बदलू." तो खिडकी लावायला लागला आणि मग परत डोकावला. "सकाळी साडेआठला. फानताई, तूही. उशीर करू नका."

खिडकी बंद झाली. शिफूंनी थर्मासाचं झाकण उघडलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"शेवंतीचा चहा पितो हा," ते म्हणाले. "म्हणून असा थंड आहे."